किती थांबायचे, ते रोवणीआधी ठरवा

गोंदिया जिल्ह्यातल्या धान उत्पादकाला खरिपाच्या पाच महिन्यांत एकामागोमाग एक निर्णय घ्यावे लागतात. पऱ्हे कधी टाकायचे, हलका धान लावायचा की भारी, रोवणीपुरते पाणी बांधीत साचले की अजून एका पावसाची वाट पाहायची, मजूर आज सांगून ठेवायचे की दोन दिवसांनी, विमा भरायचा का, तुडतुडा दिसला तर लगेच फवारायचे का, ढग असताना कापणी करायची का, आणि शेवटी धान केंद्रावर न्यायचा की दारात आलेल्या व्यापाऱ्याला द्यायचा. यातला कुठलाच निर्णय जन्मात पहिल्यांदा घ्यायचा नसतो. माहितीचीही आता तशी टंचाई नाही. हवामान खाते, हिवऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र, साकोली आणि सिंदेवाहीची संशोधन केंद्रे यांचे सल्ले मोबाइलवर येतात. तरीही नुकसान होते, आणि पुष्कळदा ते चुकीच्या निर्णयापेक्षा उशिराच्या निर्णयाने होते. शेतकरी आळशी असतो म्हणून उशीर होतो, असे मला वाटत नाही. ‘थोडे थांबू’ असे म्हणताना नेमकी कशाची वाट पाहायची आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे ठरलेले नसते, म्हणून उशीर होतो. थांबणे हासुद्धा निर्णयच आहे. त्याला खूण आणि मुदत जोडली नाही, तर तो आपोआप लांबत जातो. म्हणून खूण आणि मुदत दोन्ही गोष्टी घाईच्या दिवसांआधीच ठरवून ठेवाव्यात, हे या लेखाचे सांगणे आहे.

आधी धानाचे वेळापत्रक पाहू. हलक्या आणि मध्यम जातींचे वय बरेचसे ठरलेले असते. एमटीयू १०१० सारखी जात साधारण ११५ ते १२० दिवसांत कापणीला येते. पऱ्ह्यातले रोप २१ ते २५ दिवसांचे असताना रोवले, तर त्याला बांधीत रुजायला आणि फुटवे काढायला पुरेसा वेळ मिळतो. तेच रोप पावसाची वाट पाहत ४० दिवस पऱ्ह्यात उभे राहिले, तर ते जास्तीचे दिवस त्याच्या एकूण आयुष्यातून वजा होतात. फुटवे कमी येतात, लोंब्या कमी येतात, आणि पुढे कितीही युरिया दिला तरी ती तूट भरून निघत नाही. भारी धान थोडा अधिक उशीर सोसतो, पण त्याला शेवटी पाणी लागते, आणि ऑक्टोबरात पाऊस असेलच असे नाही. म्हणजे रोवणीचा निर्णय लांबला की झळ लगेच दिसत नाही. ती चार महिन्यांनी काट्यावर दिसते. उशिराची किंमत अशी मागाहून वसूल होते, म्हणून आजचा एक दिवस फुकटचा वाटतो. यावर उपाय आहे, पण तो मे महिन्यातच ठरवावा लागतो. सगळे पऱ्हे एकाच दिवशी न टाकता आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत टाकावेत, दुसऱ्या टप्प्यासाठी कमी दिवसांची जात ठेवावी, आणि मनाशी एक तारीख धरावी: या तारखेपर्यंत बांधीत चिखलणीपुरते पाणी आले नाही, तर खोलगट बांध्या रोवून वरच्या बांध्यांचा वेगळा विचार करायचा. रोप वयाचे झालेच, तर एका चुडात दोन-तीन ऐवजी चार-पाच रोपे लावून आणि अंतर कमी करून थोडी भरपाई होते. हेही आधी ठाऊक असले, तरच रोवणीला आलेल्या बायांना त्या दिवशी सांगता येते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. पाऊस कुणाच्या हातात आहे? जिल्ह्यात वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो कधी आठ दिवसांत कोसळतो, कधी जुलैभर दडी मारतो. अशा पावसापुढे तारीख ठरवून काय होणार? आक्षेप खरा आहे, पण त्याचा निष्कर्ष उलटा निघायला हवा. पाऊस भरवशाचा असता, तर आधी काही ठरवण्याची गरजच पडली नसती. तो बेभरवशाचा आहे म्हणूनच ‘पाऊस आला तर हे, न आला तर ते’ अशा दोन्ही वाटा आधी आखाव्या लागतात. आपल्या वाडवडिलांनी नेमके हेच केले होते. रोहिणीत काय, मृगात काय, आर्द्रा कोरडी गेली तर काय, हे नक्षत्रांचे गणित म्हणजे आधीच घेऊन ठेवलेल्या निर्णयांची यादी होती. त्या गणितातली खूण आणि मुदत बांधण्याची पद्धत आजही खरी आहे. पाऊस मात्र त्या तारखांशी पूर्वीइतका जुळत नाही. म्हणून नक्षत्राच्या जोडीला हवामान खात्याचा अंदाज घ्यावा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्यासाठी पुढच्या पाच दिवसांचा कृषी हवामान सल्ला निघतो, ‘मेघदूत’ ॲपवरही तो मिळतो. अंदाज कधी चुकतो, हे कबूल. पण उपयोगी ठरायला अंदाज दर वेळी अचूकच असावा लागत नाही. तेलंगणात २०२२ च्या खरिपात २५० गावांत एक अभ्यास झाला. मॉन्सून केव्हा येणार याचा अंदाज काही गावांतल्या शेतकऱ्यांना पुष्कळ आधी दिला गेला. आपल्या अपेक्षेपेक्षा मॉन्सून उशिरा येणार असे ज्यांना कळले, त्यांनी लागवडीखालची जमीन कमी केली. लवकर येणार असे ज्यांना कळले, त्यांनी खर्च वाढवला. अंदाज हाती वेळेत पडला, म्हणून तो निर्णयात उतरला. तोच अंदाज बियाणे घेऊन झाल्यावर आला असता, तर बातमी म्हणून ऐकून सोडून दिला गेला असता.

आधी ठरवण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अडचणीच्या दिवसांत माणसाचे डोके वेगळे चालते. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची कापणीआधी, हाती पैसा नसताना, आणि कापणीनंतर, पैसा आल्यावर अशी दोनदा चाचणी घेतली गेली. हा अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. तीच माणसे, पण पैशाच्या तंगीत एकाग्रतेच्या आणि तर्काच्या कसोट्यांत ती मागे पडली. अमेरिकेत पगाराआधी आणि पगारानंतर अशीच तुलना झाली, तेव्हा मात्र असा फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण दोन-तीन आठवड्यांची पगाराची ओढाताण आणि वर्षातून एकदाच येणाऱ्या पिकाच्या पैशाची प्रतीक्षा या एकसारख्या गोष्टी नाहीत. आपल्याकडचे ऑगस्ट-सप्टेंबर आठवून पाहा. खताचा, रोवणीचा, नांगराचा पैसा देऊन झालेला असतो, मुलांच्या शाळा सुरू असतात, घरात कुणाला ताप असतो, आणि धान अजून पोटरीतही आलेला नसतो. अशा दिवसांत दुकानदार जे औषध पुढे करील ते उधारीवर उचलले जाते, कारण ‘मारायचे की नाही’ हा विचार करायला डोक्यात जागाच नसते. म्हणून या दिवसांसाठीचे निर्णय दिवाळीनंतर, धान विकून झाल्यावर किंवा उन्हाळ्यात घ्यावेत. त्या वेळी हिशेब ताजा असतो आणि मनही थोडे मोकळे असते.

किडीचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. शेतीशास्त्राने आधी ठरवलेल्या खुणेचा विचार सर्वांत नेटका इथेच मांडला. १९५९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ ही कल्पना मांडली. कीड दिसली की फवारणी असे न करता, किडीची संख्या एका ठरावीक पातळीला पोहोचली, म्हणजे होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाहून जास्त होऊ लागले, की फवारणी करायची. आपल्याकडच्या शिफारशींत ही पातळी धानासाठी स्पष्ट दिलेली असते. गादमाशीसाठी ५ टक्के चंदेरी पोंगे, खोडकिड्यासाठी ५ टक्के कीडग्रस्त फुटवे, तपकिरी तुडतुड्यासाठी एका चुडात सुमारे १० तुडतुडे. याचा अर्थ असा की आठवड्यातून एकदा बांधीत उतरून, बुंधे बाजूला सारून मोजायचे. तुडतुडा बुंध्याशी बसतो, धुऱ्यावर उभे राहून तो दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा धान जळल्यासारखा गोल चट्ट्यांत वाळलेला असतो. मोजण्याची सवय नसली की दोन्ही बाजूंनी चूक होते. कुणी पहिला किडा दिसताच फवारतो आणि तुडतुडे खाणारे कोळी व मिरीड ढेकूण आधी मारून टाकतो. मग तुडतुडा आणखी वाढतो. इंडोनेशियात हेच देशभर झाले. शेवटी १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरावर बंदी घातली आणि शेतकऱ्यांना शेतातच कीड मोजायला शिकवण्याच्या शाळा पुढे उभ्या राहिल्या. दुसरा कुणी शेजाऱ्याने फवारल्यावर फवारतो, तेव्हा वेळ गेलेली असते. मोजणीवर चालणारा माणूस शेजाऱ्याआधी फवारील किंवा त्याच्यानंतर, किंवा त्या वर्षी फवारणारच नाही. पण तिन्ही वेळा त्याला कारण ठाऊक असेल. आणि इथेही सप्टेंबरातला निर्णय जुलैत अडकलेला आहे. रोवणी करताना दर काही ओळींनंतर फूटभराचा मोकळा पट्टा सोडला नाही, तर सप्टेंबरात दाट धानात बुंध्यापर्यंत ना हवा जाते, ना औषध.

न घेतलेला निर्णयही कुणीतरी आपल्यासाठी घेत असतो, हे पीक विम्यात स्वच्छ दिसते. पंतप्रधान पीक विमा योजना २०२० च्या खरिपापासून कर्जदारांनाही ऐच्छिक झाली. पण कर्जदार शेतकऱ्याला विमा नको असेल, तर त्याने मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला तसे लेखी द्यावे लागते. काहीच कळवले नाही, तर हप्ता कापला जातो. बिगर-कर्जदाराचे उलटे आहे: त्याने काहीच केले नाही, तर तो योजनेबाहेर राहतो. दोघेही म्हणतील, ‘आम्ही अजून ठरवले नाही’. प्रत्यक्षात दोघांचेही ठरून गेलेले असते. खरिपाची नेहमीची तारीख ३१ जुलै. ती काही वर्षी वाढवली गेली, म्हणून पुष्कळ जण वाढीव तारखेवर विसंबतात, आणि नेमक्या शेवटच्या दिवशी सर्व्हर बसतो किंवा सातबाऱ्यावरचे नाव आधारशी जुळत नाही. राज्यात २०२३ ला एक रुपयात विमा आला आणि २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. कोणते नुकसान धरायचे याचे निकषही त्यासोबत बदलले. नियम असे बदलत असताना गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नये. जूनमध्येच कृषी सहायकाकडून यंदाचे नियम विचारून घ्यावेत आणि आपली शेवटची तारीख १५ जुलै धरावी. ई-पीक पाहणीचेही तेच आहे. मोबाइलवर दहा मिनिटांचे काम, पण मुदत टळली की पुढे धान खरेदीच्या नोंदणीपासून नुकसानभरपाईपर्यंत प्रत्येक दारात तो एक रकाना आडवा येतो.

इथे दुसरा आणि अधिक वजनदार आक्षेप येतो. हे सारे ज्याच्या हातात काही आहे त्याच्यासाठी झाले. लहान शेतकऱ्याच्या हातात काय आहे? ट्रॅक्टर भाड्याचा, तो मोठ्या शेतकऱ्याकडून मोकळा होईल तेव्हा येणार. रोवणीच्या बाया एकाच आठवड्यात सगळ्यांना हव्यात. इटियाडोहचे पाणी कालव्याला कधी सुटणार, हे अर्जुनी मोरगावच्या शेतकऱ्याला एकट्याने ठरवता येत नाही. केंद्र उशिरा सुरू झाले किंवा बारदाना संपला, तर धान अंगणात पडून राहतो. हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. दिरंगाईचे खापर शेतकऱ्याच्या माथी मारणारे सल्ले अन्यायाचे आहेत. पण जिथे गोष्ट दुसऱ्याच्या हातात आहे, तिथे आपला निर्णय आणखी अलीकडे सरकवावा लागतो, एवढे यातून निघते. ट्रॅक्टर उशिरा मिळणार हे दरवर्षीचे असेल, तर चार घरांनी मिळून तो मे महिन्यातच सलग दिवसांसाठी सांगून ठेवता येतो. रोवणीची टोळी कोणत्या दिवशी कुणाकडे जाणार, हे बहुतेक घरांत बाईलाच नीट ठाऊक असते, कारण ती स्वतः त्या रांगेत असते. तरी रोवणीची तारीख पुरुष परस्पर ठरवतात आणि मग टोळी मिळत नाही. हा निर्णय तिच्यासोबत बसून घेतला, तर दोन दिवस सहज वाचतात. पाण्याचे तर आपल्या जिल्ह्याला मोठे उदाहरण आहे. नवेगावबांधसारखे तलाव कोहळी समाजाने बांधले, आणि अशा तलावांचे पाणी कुणाच्या बांधीत आधी जाणार याचे गावागावांत संकेत होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, माजी मालगुजारी म्हणजे ‘मामा’ तलाव सरकारकडे गेले, आणि अनेक ठिकाणी ते संकेतही विस्कटले. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थांना अधिकार दिले आहेत. जिथे अशी संस्था आहे, तिथे बांध्या भेगाळल्यावर सभा बोलावून भांडणेच होतील. तलाव भरलेला असतानाच ‘इतके दिवस पावसाने दडी मारली तर गेट उघडायचे आणि शेवटच्या बांधीपासून पाणी द्यायचे’ असे लिहून ठेवले, तर ऐनवेळी वाद कमी होतो.

विक्रीचा निर्णय शेवटच्या तारखेकडून मागे मोजत घ्यावा. पीककर्ज ठरलेल्या मुदतीच्या आत फेडले, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज पडत नाही. एक दिवस उशीर झाला की ही सवलत हुकू शकते. साधारण धानाचा आधारभूत भाव २०२५-२६ साठी क्विंटलला २,३६९ रुपये ठरला, पण केंद्रावर माप होऊन चुकारे खात्यात येईपर्यंत वेळ लागतो. व्यापारी रोख देतो, भाव कमी देतो. यात सगळा धान एकाच ठिकाणी देण्याचा हट्ट का असावा? मजुरी, कृषी केंद्राची उधारी आणि सणाचा खर्च यांपुरता धान रोखीत विकून बाकीचा १७ टक्क्यांच्या आत वाळवून केंद्रासाठी ठेवता येतो. किती पोती रोखीत जाणार हा आकडा व्यापारी दारात उभा असताना ठरवू नये, तो कापणीआधी ठरवावा. नोंदणी मात्र विक्री कुठेही करायची असली, तरी वेळेत करावी. २०२३-२४ च्या हंगामात राज्याने हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, प्रोत्साहन रक्कम जाहीर केली, ती नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांसाठी होती. नोंदणी केली म्हणून विकलेच पाहिजे असे नाही. नोंदणी न करता वाट पाहणाऱ्याची मात्र ती वाट बंद होते. जो निर्णय पुढे फिरवता येतो तो लवकर घेऊन टाकावा, आणि विचाराचा वेळ फिरवता न येणाऱ्यासाठी राखावा.

काही बाबतींत थांबण्याची मुदत शून्य असते, आणि ती शून्य आहे हे घरातल्या प्रत्येकाला आधीच माहीत असावे लागते. धानाच्या हंगामात साप चावणे हे आपल्याकडचे नेहमीचे संकट आहे. मण्यार रात्री झोपेत चावते, खूण बारीक असते, दुखत फारसे नाही. म्हणून ‘सकाळी पाहू’ म्हटले जाते आणि सकाळपर्यंत श्वास अडखळू लागतो. सर्पदंशावरचे प्रतिविष रुग्णालयातच मिळते. १०८ ला फोन करायचा, गाडी येईपर्यंत कुणाची मोटारसायकल मिळेल हे ठाऊक असायचे, आणि मांत्रिकाकडे एक तासही घालवायचा नाही, हे घराने उन्हाळ्यातच ठरवून ठेवावे. वैनगंगेकाठच्या गावांसाठी तसेच. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या सिवनीकडे मुसळधार पाऊस झाला, संजय सरोवरातून पाणी सोडले गेले, आणि गोंदिया-भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत नदीकाठ बुडाला. वरच्या धरणातून सुटलेले पाणी इथे यायला काही तास लागतात. तेवढेच तास जनावरे सोडायला आणि म्हाताऱ्यांना हलवायला मिळतात. आपल्याकडे आकाश मोकळे आहे म्हणून थांबलेल्या माणसाकडे ते तासही उरत नाहीत.

आता एकच शंका उरते: आधी ठरवलेले मध्येच बदलायचे का? बदलायचे, पण नवी माहिती आली तर. पाच दिवसांचा अंदाज बदलला, धरणाचे पाणी लवकर सुटले, बियाणे उगवले नाही, ही कारणे झाली. शेजाऱ्याने केले, दुकानदार म्हणाला, मन धजत नाही, ही कारणे धरू नयेत. हे ओळखायला सोपे जावे म्हणून ठरलेले कागदावर लिहावे. रोहिणी लागण्याआधी घरातल्या मोठ्यांनी एकदा बसावे आणि मुलांच्या वहीच्या एका पानावर पाच-सहा ओळी उतरवाव्यात: पऱ्ह्याचे दोन टप्पे कधी, रोवणीसाठी थांबण्याची शेवटची तारीख, विमा आणि ई-पीक पाहणी कुणी करायची, कीड दर आठवड्याला कोण मोजणार, किती पोती रोखीत, कर्ज कोणत्या तारखेला. पान धान्याच्या कोठीवर किंवा दारामागे डकवावे. दिवाळीनंतर, मंडईचे दिवस संपले की तेच पान काढून पाहावे आणि कोणती तारीख टळली, ती कशामुळे टळली, हे शेजारी लिहावे. पुढच्या उन्हाळ्यातले पान त्यावरून लिहायचे असते.